सहल, संमेलन आणि शिक्षण

सहलीची वर्गणी मागताच बाबा म्हणाले, "एवढ्या पैशांत चार पुस्तके येतील." मी निरुत्तर झालो. उत्तर मिळाले ते गुजरातेत, बडोदा जिल्ह्यातल्या करजणला.

गायकवाडांच्या संस्थानात १८६२ साली डभोई ते मियागाम हा रेल्वेमार्ग सुरू झाला. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. आरंभी डबे बैल ओढीत. मियागाम-करजणला मुख्य मार्ग मात्र साडेपाच फुटी. एका मार्गाचे डबे दुसऱ्यावर चालेनात. म्हणून माल उतरवून पुन्हा भरावा लागे. हमाली वाढे, वेळ जाई. 'वाहतूक खर्च' मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो वाढतो कसा, हे तेथे सरांनी सांगितले तेव्हा उमगले.

पुढे बडोद्यात कळले, की १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख उस्ताद मौलाबक्ष म्हैसूरला कर्नाटक संगीतही शिकले होते. ते ऐकून यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही मराठी व कन्नड गीते एकत्र बसवली. माझी शाळा मराठी. कन्नड बोलता येई, लिहिता येत नसे. तालमीसाठी गीत उतरवून घेताना मित्रांनी अक्षरे गिरवून घेतली.

घरी बाबांपुढे मी ती वही ठेवली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, "पुढची सहल कुठे?"

मित्रहो, पुस्तके हवीतच. पण त्यांतील शब्दांना अर्थ पुष्कळदा वर्गाबाहेर मिळतो.