म्हातारपणाचा पहारा

सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सात दिवस, सात रात्री पहारा अखंड चालतो. पण आपल्या खानदेशात, गाव धुळ्याकडचे असो की जळगावकडचे, पहाऱ्याची यादी करताना हल्ली एक गोष्ट घडते. सत्तरी ओलांडलेल्या बाबांचे नाव पोरे गाळतात. म्हणतात, "बाबा, तुम्ही आता आराम करा." भाव चांगला असतो. बाबा मात्र घरी खाटेवर बसून मनाशी म्हणतात, "आते मी काय कामना?" आम्हांस वाटते, हा प्रश्न गुडघेदुखीहून वाईट.

भाविकहो, देहाला विश्रांती हवीच. परंतु ज्याची कोणी वाट पाहत नाही, तो माणूस लवकर खचतो. पहाटे काकड्याला जायचे असले म्हणजे म्हातारा वेळेवर उठतो, अंघोळ करतो, चार पावले चालतो, चार माणसांशी बोलतो. वैद्याने सांगितलेले निम्मे पथ्य सेवेनेच पाळले जाते.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे १३,००० लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० तास किंवा अधिक विनामोबदला लोकसेवा करणाऱ्यांत पुढील चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हिंडण्याफिरण्याच्या अडचणी कमी, एकटेपणा कमी, उमेद अधिक. कोणी म्हणेल, धडधाकट असतात तेच सेवेला जातात! पण अभ्यासकांनी आधीची प्रकृती व सांपत्तिक स्थितीही हिशेबात धरली होती. शंभर तास म्हणजे आठवड्याचे दोन तास. वीणेचा एक पहारा, एवढेच!

त्याच अभ्यासात मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांत सेवेने फरक पडलेला दिसला नाही. तेव्हा सेवेला लागलो म्हणून गोळ्या सोडू नयेत. देवाच्या नावावर औषध चुकविणे ही भक्ती नव्हे.

आणखी एक गोष्ट वारकऱ्याने ध्यानी धरावी. विस्कॉन्सिन प्रांतातील वृद्धांना २००४ साली विचारले होते, की तुम्ही सेवा कशासाठी करता? दुसऱ्यासाठी करणारे चार वर्षांनी अधिक संख्येने हयात होते. स्वतःच्या लाभासाठी करणाऱ्यांची गत सेवा न करणाऱ्यांसारखीच होती. निष्काम सेवेची गोष्ट आपण कीर्तनात नित्य ऐकतो. येथे ती हिशेबाच्या वहीत उतरली. म्हणून आयुष्य वाढावे म्हणून सेवा करू नये. हार-श्रीफळासाठी तर नकोच. गाडगे महाराज ऐंशीच्या घरात, १९५६ साली गेले. तोवर त्यांचे फिरणे आणि कीर्तन चालूच होते. त्यांनी खराट्याचा मान कधी मागितला नाही.

मग काम कोणते? ज्याच्या अंगाला जे झेपेल ते. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून पंढरीस जाते. ज्याचे पाय थकले त्याने पालखी गावात आली म्हणजे पाणी द्यावे. अमळनेरला बोरीकाठी सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते. तेथे म्हाताऱ्यांनी सकाळची सेवा घ्यावी, दुपारचे ऊन तरुणांवर सोडावे. आजीबाईंनी भाजी निवडावी, नव्या सुनांना वरण-बट्टीचा अंदाज सांगावा. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसून पोरांना हरिपाठ शिकवावा. एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या सोबत्याजवळ तासभर बसणे हीही सेवाच.

तरुण मंडळींना आमची एकच विनंती. पुढच्या सप्ताहाची यादी कराल तेव्हा बाबांना "बसा" म्हणू नका. "तुमचा पहारा कितीचा लिहू?" असे विचारा. रात्रीचा नको, पहाटेचा द्या. खुर्ची द्या, शेजारी एक पोरगा ठेवा. पण वीणा गळ्यात घाला.

राम कृष्ण हरी.