मेडिकेडची कामाची अट : आजारपणाची सूट कशी मिळवाल?

अमेरिकेत मेडिकेडवर आहात, वय १९ ते ६४च्या मध्ये आहे आणि कार्ड निव्वळ कमी उत्पन्नावर मिळालंय? मग १ जानेवारी २०२७पासून महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल. काही राज्यं आधीच सुरू करू शकतात. केंद्राकडून मुदतवाढ मिळवलेल्या राज्यांना २०२८ अखेरपर्यंत सवड आहे. गंभीर आजार किंवा अपंगत्व असेल तर ही अट तुम्हाला नाही. मात्र ते सरकारच्या नोंदीत दिसलं पाहिजे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी खात्री करा की तुम्ही या जाळ्यात येता का. ही अट प्रामुख्याने ‘एक्सपान्शन’ गटाला आहे, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना. एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांचा सरकारी भत्ता) किंवा मेडिकेअर घेणारे आणि पासष्टी गाठलेले आई-वडील यात येत नाहीत. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनाही सूट आहे. टेक्सासने ‘एक्सपान्शन’ गट कधी सुरूच केला नाही, म्हणून तिथे ही अट नाही. न्यू जर्सीत ‘एनजे फॅमिलीकेअर’ आणि कॅलिफोर्नियात ‘मेडी-कॅल’ हे मेडिकेडच, त्यामुळे कार्डावरच्या नावाने फसू नका. कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारा : मी कोणत्या गटात आहे? दुभाषा फुकट मिळतो, मराठी मागा. मुलांना शाळेतून बोलावून भाषांतराला बसवू नका.

आता सर्वांत मोठा गैरसमज. सोशल सिक्युरिटीने ‘डिसॅबल्ड’ ठरवलं असेल तरच सूट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कायद्यात ‘मेडिकली फ्रेल’ असा बराच मोठा गट आहे. अंधत्व किंवा अपंगत्व, काम करू न देणारा मानसिक आजार, व्यसनाधीनता, गंभीर वा गुंतागुंतीचा आजार हे सगळं त्यात येतं. आंघोळ, कपडे, जेवण, उठणं-बसणं यांपैकी एखादी गोष्टसुद्धा शारीरिक, बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्वामुळे नीट जमत नसेल, तर तेही चालतं. सोशल सिक्युरिटीचा निकाल यायला महिनोन्‌महिने लागतात. त्याची वाट पाहत इथला अर्ज अडवून ठेवू नका. आणि आजारी तुम्ही नसून घरातलं कुणी असेल, म्हणजे अपंग माणसाची किंवा १३ वर्षांपर्यंतच्या मुलाची देखभाल तुमच्याकडे असेल, तर ती सूट वेगळी मागा. ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलाच्या आईने ही ओळ दोनदा वाचावी.

राज्याने आधी स्वतःकडच्या माहितीत शोधायचं, मग तुमच्याकडे कागद मागायचे, असा नियम आहे. ही माहिती म्हणजे मुख्यतः मेडिकेडला गेलेली बिलं. डॉक्टरांनी बिलावर नुसतं ‘अंगदुखी’ लिहिलं असेल तर संगणकाला तुमचा संधिवात दिसणार नाही. शस्त्रक्रिया पुण्यात झाली असेल, मानसोपचार मुंबईच्या डॉक्टरांकडून व्हिडिओवर चालू असतील, तर इथल्या नोंदीत त्यातलं काहीच नाही. ती फाइल इथल्या डॉक्टरांना दाखवा आणि निदान त्यांच्या नोंदीत चढवून घ्या.

डॉक्टरांचं पत्र मागताना नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. काय करता येत नाही, कधीपासून, अजून किती काळ चालेल हे लिहून घ्या. तारीख आणि सही हवीच. सोबत औषधांची यादी, इस्पितळातून सोडल्याचा कागद आणि असल्यास एसएसडीआयच्या (सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व भत्त्याच्या) अर्जाची पोच जोडा. राज्याचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच भरून घ्या.

खर्च किती? मेडिकेडच्या अर्जाला शून्य. वैद्यकीय नोंदी पोर्टलवरून उतरवल्या तर फुकट. इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली तर साडेसहा डॉलरचा ठोक दर लावता येतो, कागदी प्रतीला छपाई आणि टपाल वेगळं. काही दवाखाने फॉर्म भरण्याचे पैसे घेतात, म्हणून फॉर्म भेटीच्या वेळीच पुढे करा आणि पैसे लागतील का ते आधी विचारा. सूट मिळवून देतो म्हणत दोनशे-तीनशे डॉलर मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. हे काम लीगल एडवाले फुकट करतात. सोशल सिक्युरिटीच्या दाव्यासाठी वकील केलात तर त्याची फी सहसा जिंकल्यावरच, थकबाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यातलं जे कमी असेल ते.

खरी झळ बसते ती मुदत चुकल्यावर. अट पूर्ण नाही अशी नोटीस आली की ३० दिवस मिळतात आणि तेवढे दिवस विमा चालू राहतो. त्यात सूट मागण्याचे कागद द्या, पोच घ्या. नाव कापलंच तर सुनावणी मागा. कपातीच्या तारखेआधी मागितली तर निकालापर्यंत विमा सहसा चालू ठेवता येतो, मात्र हरलात तर त्या काळातला खर्च राज्य वसूल करू शकतं. या कारणाने नाव कापलं गेलं की मार्केटप्लेसच्या (सरकारी विमा बाजाराच्या) विम्यावरची सबसिडीही मिळत नाही, पूर्ण हप्ता खिशातून. पुन्हा अर्ज केला तरी या गटाला मागच्या तीनऐवजी एकाच महिन्याची बिलं मिळतील.

या गटाची तपासणी आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होणार आहे. एकदा सूट मिळाली म्हणजे कायमची मिळाली असं धरू नका. पत्राची तारीख जुनी होऊ देऊ नका. आर्कन्सामध्ये २०१८मध्ये अशीच अट लावली, तेव्हा काही महिन्यांत १८,०००हून अधिक लोकांचा विमा गेला. त्यातले बरेच जण काम करणारे किंवा सूट मिळायला पात्र होते. कित्येकांना नियमच कळला नव्हता. घर बदललंय? पत्ता आणि फोन नंबर आजच कळवा, आणि मेडिकेडचं पाकीट जाहिरात समजून फेकू नका.