एडास चुकलं, तर भुर्दंड कोणाला?

शोरूमचा माणूस टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंगवरून हात काढून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण एक्सयूव्ही 700 असो की हॅरियर, त्यांचं एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) लेव्हल 2 चं. म्हणजे कायद्याच्या लेखी गाडी तुम्हीच चालवताय. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंतची कैद चालकाला आहे, सेन्सरला नाही.

पैशांचं बघू. समोरच्याची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून जाते. 1500 सीसीवरच्या गाडीला 2022 च्या दराने त्याचा वर्षाचा हप्ता 7,897 रुपये, अधिक जीएसटीचा जो नियम असेल तो. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची आहे. त्यावरचं तुमच्या खिशातून. लायसन्सची मुदत संपलेली असेल, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरायला लावून ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं.

खरी चाट बसते ती स्वतःच्या गाडीला. रडार बंपरच्या आसपास, कॅमेरा पुढच्या काचेमागे. साधी काच बदलली, तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर नसेल, तर प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये सक्तीच्या वजावटीचे 2,000 रुपये तुमचे, आणि 50 टक्क्यांपर्यंत साठवलेला नो क्लेम बोनसही जातो. कॅलिब्रेशनचं बिल विमा भरणार का, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारा. एजंटच्या तोंडी 'हो'ला किंमत नाही.

यंत्रणाच सदोष असेल तर? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाचं दायित्व आहे. 20 ते 50 लाखांच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाचं शुल्क अवघं 1,000 रुपये, मुदत दोन वर्षं. महाग पडतो तो दोष सिद्ध करणारा तज्ज्ञ. स्टिअरिंगला वजन लटकवून सेन्सरला फसवत असाल, तर कंपनीच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं.

अमेरिकेत फ्लोरिडात 2019 साली टेस्लाचं ऑटोपायलट चालू असताना चालक पडलेला फोन उचलायला वाकला आणि एकीचा जीव गेला. ऑगस्ट 2025 मध्ये मायामीतल्या ज्युरीने 33 टक्के दोष टेस्लावर ठेवला, उरलेला चालकावर. तिथे गाडीतला डेटा कळीचा ठरला. म्हणून अपघातानंतर गाडी वर्कशॉपमध्ये उघडण्याआधी गाडीच्या कंपनीला ईमेल करून डेटा जपून ठेवायला सांगा, आणि डॅशकॅमचं कार्ड स्वतः काढून घ्या.