बर्डीवर मेकॅनिकल कीबोर्ड घेताना: पैसे कशावर घालावेत, कशावर नाही

रोज चार-पाच तास टायपिंग करणाऱ्याने कीबोर्डवर किती खर्च करावा? माझं उत्तर अडीच ते साडेतीन हजार रुपये, आणि तेही जवळजवळ सगळे बोर्डावरच. नंतरच्या सजावटीसाठी दोन-तीनशे रुपये बाजूला ठेवले की पुरे. त्यातल्या बहुतेक वस्तू नागपूरच्या सीताबर्डीतल्या, म्हणजे बर्डीवरच्या, हार्डवेअर, स्टेशनरी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात.

साध्या, म्हणजे मेंब्रेन कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो. तो कडक झाला किंवा फाटला की अख्खा कीबोर्ड टाकून द्यावा लागतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचा ‘एमएक्स’ हा या स्विचचा मूळ नमुना. त्याच्या पेटंटची मुदत २०१४च्या सुमारास संपली आणि गेटरॉन, काइल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी तशाच बांधणीचे स्विच स्वस्तात काढले. म्हणूनच कॉस्मिक बाइट, रेडरॅगन, अँट ईस्पोर्ट्स यांसारख्या ब्रँडचे बोर्ड दीड ते तीन हजारांत येऊ लागले. पुढचे सगळे भाव ढोबळ आहेत. सेलच्या दिवसांत चार-पाचशे इकडेतिकडे होतात.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न दिव्यांचा किंवा रंगाचा नको, आकाराचा विचारा. इथे चुकीची निवड झाली तर ती नंतर कितीही पैसे घालून सुधारत नाही. टॅलीवर काम करणाऱ्याचा हात दिवसभर एफ-५ पेमेंट, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस आणि उजवीकडचे आकडे यांवरच फिरत असतो. त्याने पूर्ण आकाराचा, म्हणजे १०४ बटणांचा किंवा ९६ टक्केवाला बोर्डच घ्यावा. बिलिंग काउंटरवर जुना, जाड, खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड तुम्ही नक्की पाहिला असेल. असल्या कामाला तो आजही भरवशाचा आहे आणि अडीच ते साडेतीन हजारांच्या दरम्यान मिळतो. त्याचे स्विच मात्र डाखलेले असतात, त्यामुळे एखादा बिघडला तर सोल्डरिंग येणारा कारागीर गाठावा लागतो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी एक गोष्ट फार जपून पाहावी. दिसायला सुबक असे ६० टक्के आकाराचे छोटे बोर्ड सध्या खूप खपतात. त्यांत बाणांच्या बटणांना जागा नसते, म्हणून काही मॉडेलांवर वरचा बाण आणि स्लॅश एकाच बटणावर बसवलेले असतात. इंग्रजीत स्लॅश क्वचितच लागतो, पण मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत त्याच बटणावर ‘य’ आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहून बघा: शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशचा य, मग ई म्हणजे काना. दर ‘य’ला कर्सर वरच्या ओळीत उडी मारत असेल तर तो बोर्ड मराठीच्या कामाचा नाही. बॅकस्लॅशचं बटणही नेहमीच्या जागी, एंटरच्या वर आहे ना, हे पाहा. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’मधला ऑ तिथे असतो. मराठीसाठी ७५ टक्केवाला, म्हणजे साधारण ८४ बटणांचा आकार मला सगळ्यात सोयीचा वाटतो. बाण वेगळे, एफ बटणं वेगळी आणि टेबलावर माउसला जागाही उरते.

स्विचचे तीन मुख्य प्रकार. निळा खटकन वाजतो, तपकिरी दाबताना बोटाला हलकी ठेच देतो पण फारसा वाजत नाही, लाल सरळ आणि मऊ खाली जातो. एका खोलीत दोघं अभ्यास करत असतील तर निळा घेऊ नका, रात्री घरात भांडणं होतील. मोदी नंबर १, २, ३च्या गल्ल्यांत किंवा मेन रोडवर दुकानदाराकडे डेमोचा पीस मागा आणि स्वतःच्या बोटांनी दहा-वीस ओळी टाइप करून बघा. ऑनलाइनपेक्षा दोनशे-तीनशे जास्त गेले तरी या परीक्षेसाठी ते द्यावेत. गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरणं बरं.

दुसरा प्रश्न ‘हॉट-स्वॅप आहे का?’ हा. असा बोर्ड डाखलेल्या स्विचच्या बोर्डापेक्षा पाचशे ते हजार रुपयांनी महाग पडतो, पण त्यातला स्विच चिमट्याने उपटून दुसरा दाबून बसवता येतो. सुटा स्विच १५ ते ३० रुपयांना पडतो. म्हणजे एक बटण बिघडलं तर खर्च तेवढाच. सगळे बदलायचे म्हटलं तर ८४ बटणांसाठी दहाच्या पाकिटांत ९० स्विच घ्यावे लागतात आणि २० रुपयांच्या भावाने १,८०० रुपये होतात. स्वस्त बोर्डांतली काही सॉकेट फक्त आउटेमूच्या बारीक पिनांसाठी असतात. गेटरॉनचे स्विच त्यांत जोर लावून घुसवले तर सॉकेटच खराब होतं. म्हणून स्विच मागवण्याआधी हे विचारून घ्या. परदेशातून सुटे भाग मागवले तर सीमाशुल्क आणि जीएसटी वरून लागतो, तोही हिशेबात धरा.

आता हौसेचं काम. स्वस्त बोर्डाचा सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे स्पेसबारचा खडखडाट. लांब बटण वाकडं होऊ नये म्हणून त्याखाली एक तार बसवलेली असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ती कोरडी असली की खुळखुळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीसची ट्यूब आणा, शंभर-दोनशे रुपयांत मिळते. कीबोर्डची वायर कॉम्प्युटरमधून काढा, स्पेसबार दोन्ही बाजूंनी सरळ वर उचला आणि तारेची टोकं प्लॅस्टिकमध्ये जिथे जातात तिथे टूथपिकने मोहरीएवढं ग्रीस लावा. शिफ्ट, एंटर, बॅकस्पेसलाही तसंच करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दोन हजारांच्या बोर्डाचा आवाज यानेच सगळ्यात जास्त सुधारतो. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून बसते.

बोर्ड उघडून सर्किटच्या पाठीमागे मास्किंग टेपचे दोन थर दिले की पोकळ आवाज भरीव होतो. टेप रंगाच्या दुकानात पन्नासेक रुपयांना मिळते. मात्र उघडल्याने वॉरंटी जाऊ शकते, आणि वायरलेस बोर्डात बॅटरीची नाजूक वायर असते. पहिलं वर्ष थांबलेलं बरं. सगळे स्विच खोलून एकेकाला ग्रीस लावण्याचा उद्योग मी कुणाला सुचवणार नाही. कित्येक संध्याकाळी जातात. कारखान्यातच ग्रीस लावलेले स्विच आता थोडेच महाग मिळतात.

नवे कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, हजार ते अडीच हजारांना पडतात. एबीएस प्लॅस्टिक वर्ष-दोन वर्षांत चकाकतं, पीबीटी जास्त टिकतं. बोर्डासोबतच पीबीटी मिळत असेल तर तो घ्या, वेगळे विकत घेऊ नका. देवनागरी अक्षरांसाठी पारदर्शक स्टिकर पन्नास ते दीडशे रुपयांना मिळतात. शिकताना ते पुरतात, हात बसला की काढून टाका. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आवर्जून सांगतो की केंद्रावर बहुधा तिथे असेल तोच कीबोर्ड वापरावा लागतो. शेवटचे पंधरा दिवस सराव साध्या कीबोर्डवर करा.

नागपूरचा उन्हाळाही लक्षात ठेवा. कूलरचा दमट झोत थेट टेबलावर येत असेल तर बोर्डाची जागा बदला. धूळ आणि ओल मिळून स्विचचे संपर्क खराब करतात. उन्हात उभ्या गाडीत बॅटरीवाला बोर्ड ठेवू नका. महिन्याकाठी बटणांमधली धूळ मऊ ब्रशने झाडायची, बाकी देखभाल नाही.

दिवसातून तासभरही टायपिंग नसेल तर पाचशेचा मेंब्रेन कीबोर्ड घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही. पैशांच्या हिशेबात मेकॅनिकल स्वस्त पडत नाही, तो बोटांच्या सुखासाठी घ्यायचा.

आणि पक्कं बिल घ्याच, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेलं. सदोष माल बिलात छापलेल्या मुदतीत, मुदत छापली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.