ट्रक किती, कंपन्या किती?

प्रश्न : ‘वाहन’ पोर्टलवर सांगलीत नोंदलेल्या मालट्रकांचा आकडा मिळाला. तेवढे ट्रक इथेच धावतात असं धरू का? त्यावरून वाहतूक कंपन्यांची संख्या काढता येईल?

उत्तर : दोन्हींत गफलत होईल. एमएच-10 पाटी म्हणजे नोंदणी सांगलीची, एवढंच. नॅशनल परमिट असलं की गाडी देशभर फिरते. महामार्गावर एनएल-01 पाटीचे ट्रक दिसतात ना? नोंदणी कोहिम्याची, धंदा भलतीकडेच! आजवरच्या नोंदणीच्या बेरजेत भंगारात गेलेल्या गाड्याही उरतात, कारण नोंदणी रद्द करून घ्यायला फारसं कोणी जात नाही. म्हणून फिटनेस चालू असलेल्या गाड्या मोजा. आकडा बराच खाली येईल.

कंपन्यांचं गणित तर वेगळंच. बहुतेक मालकांकडे एक-दोन, फार तर पाच ट्रक. उलट, आपल्या नावाने बिल्टी फाडणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडे स्वतःचा एकही ट्रक नसेल. गाड्या बाजारातून भाड्याने उचलायच्या. अशा कंपन्यांची नोंदणी 2007 च्या ‘कॅरेज बाय रोड’ कायद्याखाली होते. ती यादी वेगळी मागवा. ट्रकसंख्येला सरासरीने भागून कंपन्या काढण्याच्या फंदात पडू नका.