जुन्या कपड्यांचे टपाल : वेष्टनाची निवड आणि खर्चाचा मेळ

खानदेशात जुना कपडा सहसा वाया जात नाही. मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी शिवली जाते, मोठ्या भावंडाचा सदरा धाकट्याच्या अंगावर येतो, आणि उरलेसुरले कपडे घेऊन त्याबदली भांडी देणारी बोहारीण दारावर येते. या व्यवहारात कपड्याचे मोल मात्र घेणाऱ्याने ठरवायचे, अशी रीत होती. मोबाईलच्या साह्याने वस्तूचे छायाचित्र दाखवून ती थेट दूरच्या गिऱ्हाइकाला विकता येऊ लागल्यापासून हे चित्र बदलले आहे. जळगाव वा धुळे जिल्ह्यातील गृहिणीला आपली चांगल्या स्थितीतील साडी पुण्याच्या वा नागपूरच्या गिऱ्हाइकाला योग्य किमतीस विकणे आता शक्य झाले आहे.

तथापि या व्यवहारात एक अडचण आहे. जुन्या कपड्याची किंमत मुळातच थोडी असते. त्यातून वेष्टनाचा आणि टपालाचा खर्च वजा जातो. वेष्टन महाग वा जड घेतले तर हाती काहीच उरत नाही. उलट, ते अगदीच तकलादू घेतले आणि कपडा भिजून वा मळून पोहोचला, तर गिऱ्हाईक तो परत करते, पाठवण्याचा खर्च बुडतो आणि विश्वासही जातो. म्हणून वेष्टनाची निवड हा या छोट्या व्यवसायाचा कणा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वेष्टनाचे खरे काम

काचेचे भांडे पाठवताना ते फुटू नये, ही चिंता असते. कपड्याला ती चिंता नाही. कपडा दबला तरी बिघडत नाही, फार तर चुरगळतो. त्याचे खरे शत्रू तीन आहेत : पाणी, मळ आणि वेष्टन उसवून कपडा बाहेर येणे. यावरून असे दिसून येईल की, कपड्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याची सहसा गरज नसते. पाणी अडवणारा एक पातळ आतील थर आणि न फाटणारा एक बाहेरील थर एवढे पुरेसे आहे. भरजरी साडी वा कडक कॉलरचा नवा सदरा यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास हाच नियम लागू पडतो.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक होती. गावाकडून पार्सल पाठवताना ते मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेची मोहोर उठवून पाठवण्याची पद्धत अनेकांनी पाहिली असेल. मांजरपाट वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतो, ओढाताणीत सहज फाटत नाही आणि शिवण उसवलेली असल्यास ती चटकन नजरेस येते. कागदाच्या बाबतीतही खानदेशाला परंपरा आहे. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हे गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. तेथील जाडाभरडा देशी कागद तयार करण्याच्या धंद्याची नोंद ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये सापडते. स्थानिक, स्वस्त आणि मजबूत अशा साधनांचा उपयोग करण्याची ही दृष्टी आजही तितकीच उपयोगी आहे.

वजनाचा हिशेब

टपालाचा आकार वजनाच्या टप्प्यांवर ठरतो. टप्पा थोडासा जरी ओलांडला, तरी पुढच्या टप्प्याचा पूर्ण दर द्यावा लागतो. म्हणून वेष्टनाचे स्वतःचे वजन जाणून घेणे अगत्याचे आहे. ते काढण्याची रीत सोपी आहे. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब अशा पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर होते. या क्षेत्रफळास कागदाच्या वा कापडाच्या दर चौरस मीटर वजनाने गुणले की पाकिटाचे वजन मिळते.

या रीतीने, दर चौरस मीटर १०० ग्रॅम वजनाच्या खाकी कागदाचे पाकीट सुमारे २४ ग्रॅम भरते. दुमड आणि झाकण धरून ते ३० ग्रॅम होईल. १२० ग्रॅम वजनाच्या मांजरपाटाची शिवलेली पिशवी सुमारे ३५ ग्रॅम होईल. कुरिअरची साधी प्लास्टिक पिशवी सुमारे १५ ग्रॅम भरते. परंतु ३० × २५ × ८ सेंटिमीटर मापाचे तीन थरांच्या पुठ्ठ्याचे खोके घेतले, तर ते एकटेच सुमारे १५० ग्रॅम भरते.

समजा, साडीचे वजन ४३० ग्रॅम आहे. खोक्यात ती ५८० ग्रॅम होते आणि ५०० ग्रॅमचा टप्पा ओलांडते. तीच साडी १० ग्रॅमच्या आतील पिशवीत घालून खाकी पाकिटात ठेवली, तर एकूण वजन ४७० ग्रॅम भरते आणि ती टप्प्याच्या आत राहते. साडी तीच, गिऱ्हाईक तेच. फरक फक्त वेष्टनाचा.

आकारमानाचा हिशेब

अनेक कुरिअर संस्था केवळ प्रत्यक्ष वजन पाहत नाहीत. पार्सलने किती जागा व्यापली, हेही त्या मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ५००० ने भागतात. येणारे उत्तर किलोग्रॅममधील आकारमान-वजन होय. प्रत्यक्ष वजन व हे वजन यांपैकी जे जास्त असेल, त्यावर आकार बसतो. वरील खोक्याचे घनफळ ६००० घन सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचे आकारमान-वजन १.२ किलोग्रॅम ठरते. तीच साडी ३० × २५ × ३ सेंटिमीटर अशी चापून घडी घालून पाकिटात ठेवली, तर ते अवघे ०.४५ किलोग्रॅम होते. घडी हातांनी दाबून आतील हवा काढणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दर व नियम वेळोवेळी बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. देशांतर्गत नोंदणीकृत टपालसेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून न राहता टपाल कार्यालयातील चालू दरपत्रक पाहावे आणि मगच गिऱ्हाइकास टपालखर्च सांगावा.

ऊन आणि पाऊस

जळगाव व धुळे येथील उन्हाळा कडक असतो. उन्हात तापलेल्या गाडीत हलक्या प्रतीची चिकटपट्टी सैल पडते. म्हणून पाकिटाचे तोंड दोनदा दुमडून त्यावर आडवी व उभी अशी पट्टी लावावी, किंवा सुई-दोऱ्याने टाके घालावेत. पिठाची खळ वापरू नये; ती ओलाव्याने सुटते आणि किडीला आमंत्रण देते.

पावसाळ्यात वेगळा धोका असतो. सुती कपडा कोरडा वाटला तरी हवेतील ओलावा धरून ठेवतो. दमट कपडा प्लास्टिकमध्ये बंद केला, तर आतच बुरशी धरते आणि डाग पडतात. यासाठी कपडा धुऊन कडक उन्हात वाळवावा, सावलीत थंड होऊ द्यावा आणि मगच बंद करावा.

आतील थरासाठी नवी प्लास्टिक पिशवी विकत घेण्याचे कारण नाही. नव्या कपड्यांबरोबर घरी आलेल्या स्वच्छ पिशव्या जपून ठेवल्या तरी काम भागते. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या वापरावर निर्बंध आले. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातपिशव्यांना मनाई आहे. असलेली पिशवी पुन्हा वापरणे हे खर्चाच्या आणि पर्यावरणाच्या अशा दोन्ही दृष्टींनी हिताचे होय. मात्र खताच्या वा कीटकनाशकाच्या गोणीचा उपयोग मुळीच करू नये. मिरची-मसाल्याच्या खोक्यांचा वासही कपड्यास लागतो, म्हणून तीही टाळावीत.

पत्ता

पत्ता न पुसणाऱ्या शाईने लिहावा आणि त्यावर पारदर्शक पट्टी लावावी. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी आतही ठेवावी; बाहेरचा पत्ता फाटला तरी पार्सल हरवत नाही. सहा अंकी पिनकोड अवश्य लिहावा. ही पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते, ही आपणास अभिमानाची गोष्ट आहे. जळगाव शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४२५००१, तर धुळ्याचा ४२४००१ आहे.

गावाने काय करावे ?

एकटी गृहिणी चार पाकिटे विकत घेते, तेव्हा ती महाग पडतात. बचत गटाने खाकी कागदाचे रीळ एकत्रित घेतले आणि फावल्या वेळात पाकिटे तयार केली, तर प्रत्येक पाकिटाचा खर्च उतरतो. ज्या गटाकडे शिवणयंत्र आहे, त्याला जुन्या सुती साडीच्या धडक्या भागातून बाहेरची पिशवीही शिवता येईल. ग्रामपंचायतीने कार्यालयात एक लहान वजनकाटा व मोजपट्टी सर्वांसाठी ठेवावी. त्यामुळे टपाल कार्यालयात गेल्यावर अनपेक्षित खर्चाचा धक्का बसणार नाही. शिक्षकांना क्षेत्रफळ व घनफळ शिकवताना हेच पाकीट आणि हेच खोके उदाहरणादाखल घेता येईल. मुलाने घरी जाऊन आईच्या पार्सलचा हिशेब करून दिला, तर गणिताचा तो धडा त्याच्या कायम स्मरणात राहील.

दोनशे रुपयांच्या साडीवर वाचलेले वीस-तीस रुपये वरवर पाहता क्षुल्लक वाटतील. परंतु अशा व्यवहारात नफा तेवढाच असतो. आधी मोजावे, मग निवडावे आणि शेवटी बांधावे, एवढी शिस्त पाळली, तर घरातला जुना कपडा दुसऱ्या घरी उपयोगी पडेल आणि त्याचे योग्य मोल आपल्या घरी येईल.