मिठागराचे रंग : जमिनीवरून आणि आकाशातून

उरण किंवा पेणच्या बाजूला जाताना तुम्ही मिठागरे पाहिली असतील. मातीचे बांध, करडे पाणी, मिठाचे ढीग आणि चिखलाचा वास. मुद्दाम थांबून पाहावे असे तेथे काही आहे, असे कोणाला वाटत नाही. आता अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या मिठागरांचे आकाशातून घेतलेले एखादे छायाचित्र मिळवून पाहा. हिरवे, नारिंगी, लालभडक वाफे एकमेकांना लागून मांडलेले दिसतील. मग जमिनीवर उभे राहिलो की हे सौंदर्य जाते कोठे?

प्रथम रंग कोठून येतात ते पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी उन्हाने आटत जाते आणि मूळच्या एक दशांशाच्या आसपास उरले, की मिठाचे स्फटिक पडू लागतात. प्रत्येक टप्प्यावर पाण्यात वेगळे सूक्ष्मजीव वाढतात. कमी खारट पाण्यात हिरवी शेवाळे, पुढे नारिंगी रंगद्रव्य साठवणारे ड्युनालिएला आणि अतिखारट पाण्यात लाल-गुलाबी रंगाचे लवणप्रिय जीव. जून २०२० मध्ये आपले लोणार सरोवर गुलाबी झाले, तेही अशाच लवणप्रिय जीवांमुळे.

आता प्रकाशाकडे वळू. तुमचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंच आहेत असे समजा. १० मीटर दूरच्या पाण्याकडे पाहताना तुमची दृष्टिरेषा लंबाशी सुमारे ८१ अंशांचा कोन करते. या कोनात पाण्याचा पृष्ठभाग आकाशाचा सुमारे ४० टक्के प्रकाश परावर्तित करतो. पाण्याच्या आतून येणारा रंगीत प्रकाश मुळातच मंद, तो त्यात लोपतो. सरळ वरून पाहिले तर परावर्तन केवळ २ टक्के! म्हणून आतला रंग दिसतो.

दुसरे कारण भूमितीचे आहे. ५० मीटर अंतरावर १० मीटर बाजूचा चौरस वाफा असेल, तर तो डोळ्याला सुमारे ११ अंश रुंद, पण जेमतेम ०.३ अंश उंच दिसतो. पूर्ण चंद्रबिंबाचा व्यासही अर्धा अंश असतो! म्हणजे चौरसाची नुसती रेघ उरते आणि वाफ्यांची नक्षी हरवते.

हे घरीच पडताळून पाहा. पसरट ताटलीत पाणी घेऊन त्यात लाल शाईचे काही थेंब टाका. ताटली खिडकीसमोर ठेवा. वरून पाहिल्यास पाणी लाल दिसेल. आता खिडकीकडे तोंड करून डोळे टेबलाच्या पातळीजवळ आणा. लाल रंग फिका पडून पाण्यात खिडकीचा उजेड चमकेल.

उंचावरून पाहण्याची धडपड जुनीच आहे. १९०६ साली भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे छायाचित्र जॉर्ज लॉरेन्स यांनी पतंगांना टांगलेल्या कॅमेऱ्याने, सुमारे ६०० मीटर उंचीवरून घेतले होते. आज हे काम ड्रोन करतो. त्याचे गणित सोपे आहे : नाभीय अंतर भागिले उंची म्हणजे छायाचित्राचे प्रमाण. भिंगाचे नाभीय अंतर १० मिलिमीटर आणि उंची १०० मीटर असेल, तर प्रमाण १ : १०,००० येते. प्रकाश टिपणारी पट्टी १३ मिलिमीटर रुंद असेल, तर १३० मीटर रुंदीची जमीन चित्रात मावते. ही रुंदी ४,००० बिंदूंत विभागली, की एक बिंदू सव्वातीन सेंटिमीटर जमीन दाखवतो.

या हिशेबात एक गोष्ट मात्र विसरू नका. भर उन्हात, खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढणारा मिठागरी कामगार खांद्यापाशी अर्धा मीटर रुंद असतो. त्या सुंदर चित्रात त्याच्या वाट्याला रुंदीचे जेमतेम १५ बिंदू येतात. उंचावरून रंग आणि नक्षी दिसते, पण माणसाचा चेहरा दिसत नाही. तो पाहायचा तर बांधावर उतरावे लागते. कोणतीही गोष्ट पुरती समजायची, तर ती दोन्ही ठिकाणांहून पाहिली पाहिजे.